सौरवादळ आलं की कोकणातून अरोरा दिसेल का?

प्रश्न गुहागरच्या एका वाचकाचा आहे, थोडक्यात असा: "१० मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमध्ये हानलेला अरोरा दिसला. पोर्तो रिकोतूनही फोटो आले, आणि ते बेट तर १८ अक्षांशावर, म्हणजे आपल्याच रेषेत. मग आपल्याला का नाही? पुढच्या वेळी मोठ्या वादळाचा इशारा आला तर रात्री लेकीला घेऊन किनाऱ्यावर जाऊ का? कुठे उभं राहायचं? मोबाइलने फोटो येईल का? आणि लेक विचारते, तिचं होकायंत्र तेव्हा हलेल का?"

आधी सरळ उत्तर देतो. अरोरा म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांमुळे एरवी ध्रुवांजवळच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश. गुहागरच्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी तो दिसण्याची शक्यता नगण्य आहे. नगण्य म्हणालो, शून्य म्हणालो नाही, आणि त्याला कारण आहे. पण बातम्यांत "जी-४", "जी-५" असा मोठ्या वादळाचा इशारा झळकला म्हणून लेकीची झोपमोड करू नका. कोणत्या रात्री करायची, ते खाली सांगतो. शिवाय सौरवादळ बघायचं म्हणजे आकाशातला रंगच बघायचा असं थोडंच आहे? प्रकाशासाठी आपली जागा वाईट असली तरी वादळ मोजण्यासाठी कोकणाइतक्या नावाजलेल्या जागा जगात फार थोड्या आहेत. तो भाग मला जास्त आवडतो, तेव्हा त्यावर जरा रेंगाळेन.

पोर्तो रिकोचा मुद्दा तुम्ही अगदी नेमका पकडलात. नकाशावर ते बेट आणि आपली दापोली-गुहागरची पट्टी जवळपास एकाच आडव्या रेषेत येतात. पण अरोराला नकाशावरचा अक्षांश कळत नाही, त्याला चुंबकीय अक्षांश कळतो. सूर्याकडून आलेल्या कणांचा जो गोंधळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात माजतो, त्याची कडी चुंबकीय ध्रुवांभोवती तयार होतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एका मोठ्या पट्टीचुंबकासारखं धरलं, तर त्याचं उत्तरेकडचं टोक कॅनडाच्या एल्समीर बेटावर येतं. म्हणजे अमेरिकेच्या बाजूला झुकलेलं, आपल्याकडे पाठ केलेलं. त्यामुळे पोर्तो रिकोचा चुंबकीय अक्षांश २७ च्या आसपास जातो आणि गुहागरचा जेमतेम साडेनऊ अंश भरतो. हानले नकाशावर ३२.८ अंशावर आहे, पण चुंबकाच्या हिशोबात २४-२५ अंशांवर. म्हणजे त्या रात्री पोर्तो रिको आणि हानले हे खरे शेजारी होते. आपण त्या दोघांपेक्षा पंधरा-सतरा अंश खाली, चुंबकीय विषुववृत्ताच्या अंगणात. ते विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ साली केरळातलं थुंबा अग्निबाणांसाठी निवडलं गेलं, ते याच कारणाने.

आता किती लांबचं दिसू शकतं ते बघू. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा, साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा. लालही ऑक्सिजनचाच, पण दोनशे किलोमीटरच्या वरचा, चारशे आणि कधी त्याहूनही वर पोचणारा. लाल रंग खाली येत नाही याचं कारण मजेदार आहे. अणू उत्तेजित झाल्यावर तो लाल प्रकाश सोडायला दीड-दोन मिनिटं घेतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याला दुसरे कण इतक्या वेळा धडकतात की प्रकाश सोडण्याआधीच त्याची ऊर्जा संपते. वरच्या विरळ हवेत धडकायलाच कोणी नसतं, म्हणून तिथे तो निवांतपणे लाल चमकतो.

गोल पृथ्वीवर चारशे किलोमीटर उंचीची गोष्ट जास्तीत जास्त सुमारे २,२०० किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेली दिसते. शंभर किलोमीटर उंचीची हिरवी झालर साधारण १,१०० किलोमीटरवरूनच. म्हणून कमी अक्षांशावरच्या लोकांना हिरवे पडदे मिळत नाहीत, त्यांना लांबच्या पडद्याचा लाल माथा तेवढा दिसतो. गुहागरहून २,२०० किलोमीटर उत्तरेला मोजलं की आपण काश्मीरच्याही पलीकडे जातो. तिथे आकाशात लाली असेल, तर आपल्याकडे ती क्षितिजाच्या रेषेवर, समुद्राच्या वाफेत आणि धुरकटात विरलेली. नीट दिसायला ती निदान दहा अंश वर हवी, आणि त्यासाठी लाल पट्टा जवळजवळ दिल्लीच्या माथ्यावर यावा लागतो. मे २०२४ मध्ये तो तिथपर्यंत आला नव्हता. हानलेच्या कॅमेऱ्यांनाही तो उत्तरेकडे, खाली दिसला होता.

यातून एक कामाची खूण मिळते. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून अवघा १७ अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर पावणेदोन मुठी. कोकणात कधी अरोरा दिसलाच तर तो ध्रुवताऱ्याच्या आसपास किंवा त्याच्या खाली असेल. डोक्यावर गुलाबी काही दिसलं, पश्चिमेला दर्यावर हिरवं काही दिसलं, तर ते दुसरं काहीतरी आहे.

मग शून्य का म्हणालो नाही? कारण ४ फेब्रुवारी १८७२. त्या रविवारी रात्री मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली होती. रंग बदलत होते असंही त्यात आहे. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवरही त्या रात्री गडबड झाली. मुंबईचा चुंबकीय अक्षांश तेव्हाही दहाच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा काही फार वेगळा नाही. अभ्यासकांनी या नोंदीवर बराच खल केलेला आहे आणि ती कमी अक्षांशावरच्या अरोराची जगातली एक महत्त्वाची नोंद समजली जाते. त्या रात्री बाकीचंही सगळं जुळून आलं होतं. पौषाच्या अखेरची कोरडी हवा, अमावास्या चार-पाच दिवसांवर असल्याने चंद्र पहाटेपर्यंत नाही, वादळाचा जोर आपल्या रात्रीच्या वेळी, आणि मुंबईत अजून विजेचा एकही दिवा नाही. यातलं एक जरी नसतं तरी ती नोंद झाली नसती असं मला वाटतं.

उलट उदाहरण १८५९ चं. १ सप्टेंबरला रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्लिश निरीक्षकाने सूर्यावरच्या डागांचं चित्र काढता काढता त्यांवर लखकन उजळलेली ज्वाळा पाहिली, आणि साडेसतरा तासांत त्याचा धक्का पृथ्वीला बसला. ज्ञात इतिहासातलं ते सगळ्यात गाजलेलं वादळ. हवाई, क्युबापर्यंत लोकांनी आकाश लाल झालेलं पाहिलं. कोकणात? २ सप्टेंबरला तडाख्याचा सर्वांत खोल क्षण आला तेव्हा मुंबईत सकाळचे अकरा वाजून गेले होते. पंचांग मागे मोजत गेलं तर ते भाद्रपदातले गणपतीचे दिवस निघतात. म्हणजे भर दिवस, वर पावसाळी आभाळ. शतकातलं सगळ्यात मोठं वादळ कोकणावरून गेलं आणि आपले लोक आरत्या करत होते.

पण ते वादळ कोकणाने टिपलं मात्र होतं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. टांगलेल्या चुंबकाचं विचलन डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं, अशी पद्धत. एरवी तासाला एक वाचन, गडबड वाटली की जास्त वेळा. त्या सकाळी चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर भाग, सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्र मोजायचं हे एकक) कोसळला, आणि वाचन घेणारा माणूस जागेवरून हलला नाही, लिहीत राहिला. युरोपातल्या वेधशाळांमध्ये त्या दिवशी काटे मापाच्या बाहेर गेले. कुलाब्याची वही मात्र शाबूत राहिली. कॅरिंग्टनचं वादळ किती मोठं होतं, हा हिशोब आज जगभरचे शास्त्रज्ञ मांडतात तो मुख्यतः या आकड्यावरून. १८७२ च्या वादळाचा आकडाही कुलाब्याचाच, आठशे नॅनोटेस्लाच्या पुढचा.

हे काम आपल्याच किनाऱ्यावर का जमतं, तर पुन्हा तोच चुंबकीय अक्षांश. वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचं एक कडं बळावतं. ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट क्षेत्र निर्माण करतं, म्हणून जमिनीवर आडवा घटक घटतो. ध्रुवांजवळ मोजलं तर तिथल्या अरोराच्या प्रवाहांची खळबळ त्यात मिसळते आणि कड्याचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. अगदी चुंबकीय विषुववृत्तावर मोजलं तर तिथे दिवसा वाहणारा वेगळा प्रवाह आडवा येतो. दहा-बारा अंशांवरची जागा या दोन्हींपासून सुटलेली. ज्या अक्षांशामुळे आपल्याला अरोरा दिसत नाही, त्याच अक्षांशामुळे वादळाची नाडी आपल्याकडे स्वच्छ लागते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदींचं मातेरं झालं असतं. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी मग पर्यायी जागा म्हणून अलिबाग निवडलं. १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर मोजणी केली गेली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका एकमेकींना सांधता यावी. चुंबकाला न ओढणाऱ्या दगडाची ती इमारत किनाऱ्याजवळ अजून उभी आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे तिचा कारभार आहे, आणि त्या संस्थेचं मुख्यालयही कोकणातच, नवीन पनवेलला. शनिवार-रविवारी अलिबागला जाणारे हजारो लोक कुलाबा किल्ल्यासाठी ओहोटीची वाट बघत असतात. पाठीमागे काय चालतं याची त्यातल्या फारच थोड्यांना कल्पना असते.

अशा वेधशाळेतला वादळाचा आलेख कधी पाहिला नसेल तर एकदा जरूर बघा, लेकीलाही दाखवा. शांत दिवशी रेषा सकाळपासून दुपारपर्यंत सावकाश चढते आणि संध्याकाळी उतरते, कारण सूर्याच्या उन्हाने वरच्या वातावरणात प्रवाह वाहतात. वादळाच्या दिवशी आधी ही रेषा दोन-चार मिनिटांत टुणकन वर उडते. सूर्याकडून आलेल्या ढगाने पृथ्वीचं चुंबकीय कवच दाबलं, त्याची ती खूण. मग थोडा वेळ ती वरच्या वर थरथरते. नंतर घसरण लागते, ती काही तास चालते, मधे दाते-दाते पडतात. तळ गाठल्यावर वर येताना मात्र कसली घाई नाही. दोन दिवस, चार दिवस, रेषा हळूहळू आपल्या जागी येते. हे सगळं ढगातून, पावसातून, भर दुपारीही दिसतं. श्रावणात घरात बसून बघता येणारं हे एकमेव सौरवादळ.

आता इशाऱ्याचं. बातम्यांत जो "जी" आकडा येतो तो अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा, आणि तो चुंबकीय खळबळ मोजणाऱ्या केपी नावाच्या निर्देशांकावर आधारलेला. केपी ९ वर थांबतो. त्याच्या वर आकडाच नाही. म्हणजे मे २०२४ लाही ९ आणि १८५९ लाही ९ च धरावा लागणार. कोकणातल्या माणसाला हा आकडा निरुपयोगी आहे, कारण आपल्याला हवं असलेलं वादळ ९ च्या कितीतरी पलीकडे सुरू होतं. आपण बघायचा तो डीएसटी निर्देशांक, म्हणजे वर सांगितलेला आडवा घटक किती नॅनोटेस्लाने घटला त्याचा आकडा. जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो तासागणिक मिळतो, आणि कमी अक्षांशावरच्या वेधशाळांच्या नोंदींवरूनच काढलेला असतो. शांत दिवशी तो शून्याच्या आसपास राहतो. मे २०२४ मध्ये उणे ४०० च्या थोडा पलीकडे गेला. मार्च १९८९ मध्ये, कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज नऊ तास गेली तेव्हा, उणे ५८९. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की हा आकडा उणे ६०० च्या खाली उतरला, तो आपल्या रात्रीत उतरला, आणि आकाश मोकळं असलं, तर मी चपला घालेन. त्याच्या आधी नाही.

"आपल्या रात्रीत" हे विसरू नका. मे २०२४ चा धक्का आपल्या घड्याळाने १० तारखेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास पोचला. रात्रभर वादळ खोल होत गेलं, पण तळ गाठला तेव्हा ११ तारखेचे सकाळचे साडेसात-आठ वाजलेले. पोर्तो रिकोत तेव्हा रात्र होती. अक्षांशाचा फायदा त्यांना, वेळेचाही त्यांनाच.

धक्का येण्याआधी कळतं का? थोडंसं. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेने काही उपग्रह उभे आहेत, आपलं आदित्य-एल१ ही जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. सौरवाऱ्याचा ढग त्यांना ओलांडून पृथ्वीवर यायला अर्ध्या ते एक तासाचा अवधी लागतो. ढगात चुंबकीय क्षेत्राची दिशा कुठे आहे ते तिथेच पहिल्यांदा कळतं. ती दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी तिची गाठ जुळते आणि वादळ पेटतं. उत्तरेकडे असेल तर कितीही मोठा ढग फुकट जातो. बातम्यांतले दोन दिवस आधीचे अंदाज इथेच फसतात, कारण सूर्यावरून ढग निघताना ही दिशा खात्रीने सांगता येत नाही. या उपग्रहांच्या आलेखात हीच दिशा दाखवणारी "बीझेड" नावाची रेषा असते. ती शून्याच्या खाली, निदान उणे वीस-तीसवर, तासन्‌तास टिकली तर लक्ष ठेवा. मधूनच खाली जाऊन परत आली तर सोडून द्या.

आणि एक सोपा, अनुभवाचा उपाय. अरोरा उत्तरेकडून खाली उतरत येतो. हानलेत लाली दिसली, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एप्रिल २०२३, मे २०२४, ऑक्टोबर २०२४, तिन्ही वेळा दिसली. राजस्थानातल्या निरीक्षकांना उत्तर क्षितिजावर डोळ्यांनी लाली दिसायला लागली, तर ती रात्र आपलीही असू शकते. कुठल्याही आकाशमित्रांच्या गटात असाल तर उत्तरेतल्या दोन-तीन माणसांशी ओळख ठेवा. एक फोन सगळ्या ॲपपेक्षा भरवशाचा.

मे २०२४ नंतर माझ्याकडे कोकणातून आलेले "अरोरा" बरेच. त्यातला एक सांगतो, म्हणजे कसं तपासायचं ते कळेल. रात्री सव्वादहाचा फोटो, समुद्रावर हिरवट उजेडाचे उभे खांब, वर गुलाबी छटा. पाठवणाऱ्याने मनापासून पाठवला होता. फोटो मोठा करून पाहिला तर खांबांच्या वर दोन सारखे तारे जवळजवळ: पुनर्वसूची जोडी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाला पुनर्वसू पश्चिम-वायव्येला कलतात. म्हणजे कॅमेरा उत्तरेकडे नव्हताच. हिरवट खांब होते दिवे लावून मासेमारी करणाऱ्या नौकांचे. त्या मासेमारीला बंदी आहे, पण बंदी आणि दर्या यांचं नातं आपल्याला माहीत आहे. वरची गुलाबी छटा मोबाइलच्या रात्रीच्या मोडने स्वतःच्या मनाने भरलेली. काळोखात मोबाइल रंग मोजत नाही, अंदाजाने रंगवतो. तेव्हा नुसत्या मोबाइलच्या फोटोवर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

दुसरा फसवा उजेड वणव्यांचा. माघ ते वैशाख, डोंगरात गवत पेटतं, शेतात राब भाजतात. सह्याद्रीच्या कडेला, धुरावर पडलेली तांबूस लाली तासभर हलत राहते आणि अगदी पुस्तकातल्या अरोरासारखी दिसते. ती बहुधा पूर्वेला असते आणि वारा पडला की वास येतो. तिसरा, फाल्गुनात संध्याकाळी पश्चिमेला उभा राहणारा राशिप्रकाश, पांढुरका, त्रिकोणी. त्यात रंग नसतो. तो काळोख्या जागेवरून जरूर बघा, त्याच्यासाठी सूर्याने काही करण्याची गरज नाही.

चौथा उजेड फसवा नाही, खरा आहे, आणि माझ्या मते कोकणातल्या माणसाचा खरा हक्काचा. अरोराचा तोच लाल रंग, ६३० नॅनोमीटरचा, आपल्या डोक्यावर रोज रात्री मंदपणे चमकत असतो. याला वातदीप्ती म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही, संवेदनशील कॅमेऱ्याला दिसते. कोल्हापूर-पन्हाळ्याच्या बाजूला भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच लाल प्रकाशात आकाशाची छायाचित्रं घेऊन, सूर्यास्तानंतर आयनमंडलात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, उठणाऱ्या विरळ बुडबुड्यांचा अभ्यास केला आहे. लाल पार्श्वभूमीवर उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. आपल्या नौकांचा जीपीएस चैत्र आणि आश्विनाच्या सुमारास रात्री कधी कधी वेड्यासारखा वागतो, त्यामागे हेच बुडबुडे असतात. वादळात त्यांची लहर फिरते, कधी वाढतात, कधी अजिबात उठत नाहीत. तेव्हा दूर मासेमारीला जाणाऱ्यांनी मोठ्या वादळाच्या रात्री एकट्या जीपीएसवर विसंबू नये, होकायंत्र हाताशी ठेवावं. जवळच्या बोलण्याच्या व्हीएचएफ संचाला सहसा काही होत नाही. लेकीला भीती वाटत असेल तर सांगा, जमिनीवर उभ्या माणसाच्या अंगाला यातलं काहीही लागत नाही.

तर समजा ती रात्र आली. किनाऱ्यावर जाऊ नका. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि आपल्याला उत्तर हवी. शिवाय किनाऱ्यावर खारी वाफ, हॉटेलांचे दिवे, माडांची रांग. कातळसड्यावर जा. गुहागर तालुक्यात, रत्नागिरी-राजापूरकडे, देवगडला, गावाच्या वर गेलं की उघडाबोडका सडा लागतो आणि चहूबाजूंनी क्षितिज मोकळं. जागा दिवसा बघून ठेवा: उत्तरेला कोणतं गाव, कोणती कंपनी, कोणतं बंदर पडतं. तुमच्याकडून उत्तरेला दाभोळ-अंजनवेलची बाजू, तिथला उजेड आधीच ओळखीचा करून घ्या. शक्य असेल तर एखाद्या साध्या रात्री त्याच जागेवरून उत्तरेचा फोटो काढून ठेवा. वादळाच्या रात्रीच्या फोटोशी ताडून बघायला दुसरं काही इतकं उपयोगी नाही. घाटमाथ्यावर जाता आलं तर आणखी बरं, किनाऱ्याचं धुरकट खाली राहतं.

सड्यावर काळोखात चालायचं तर पायात बूट आणि हातात बॅटरी. फुरसं या कातळाचंच जनावर. दिवसा तापलेला दगड रात्री ऊब धरून असतो, आणि ते तिथेच पडलेलं असतं, दगडाच्याच रंगाचं. ठेच लागेपर्यंत दिसत नाही. मुलीला सतरंजीवर बसवण्याआधी आजूबाजूचे सुटे दगड बॅटरीने बघून घ्या. हा सल्ला अरोरापेक्षा तुम्हाला नक्की जास्त वेळा उपयोगी पडेल.

कॅमेरा तिकाटण्यावर, तोंड उत्तरेला, ध्रुवतारा चौकटीच्या वरच्या भागात. रुंद लेन्स, छिद्र एफ २.८ किंवा जितकं उघडेल तितकं, आयएसओ ३२००, पंधरा ते वीस सेकंद. फोकस एखाद्या ताऱ्यावर हाताने जुळवा. फाइल रॉ मध्ये (कॅमेऱ्याने स्वतः न रंगवलेली मूळ फाइल), रंगतापमान ४००० च्या आसपास ठरवून ठेवलेलं, स्वयंचलित नको. एका तासाचे फोटो सलग घ्या. दिव्याचा उजेड जागचा हलत नाही, अरोरा दहा-वीस मिनिटांत जागा आणि तीव्रता बदलतो. हिवाळ्यात दहिवर लेन्सवर बसतं, दर अर्ध्या तासाने पुसा. मोबाइलच असेल तर तोही तिकाटण्यावर, प्रो मोडमध्ये, रॉ चालू करून. उत्तरेला लाली आली तरी ती साध्या डोळ्यांना राखाडी उजेडासारखी दिसण्याचीच शक्यता जास्त, कारण मंद प्रकाशात लाल रंग ओळखायला आपले डोळे फार कच्चे.

आषाढ ते भाद्रपद हा सगळा खटाटोप विसरा. ऑक्टोबरात मोठी वादळं येण्याचा योग बरा असतो, पण आपल्याकडे परतीचा पाऊस आणि विजा. मार्चमध्ये तोच योग आणि हवाही कोरडी. सूर्याच्या सध्याच्या, पंचविसाव्या चक्राचा माथा २०२४ च्या अखेरीस येऊन गेला. मोठी वादळं उतरणीच्या वर्षांतही येतात. २००३ ची मोठी वादळं चक्र उतरणीला लागल्यावरचीच. तेव्हा दोन-तीन वर्षं डोळा ठेवायला हरकत नाही. खर्च करून बघायचाच असेल तर हानलेला जाऊन वादळाची वाट बघणं शहाणपणाचं नाही. तिथली लालीही बहुतेक वेळा कॅमेऱ्यालाच दिसली आहे. नॉर्वेच्या ट्रॉम्सोला हिवाळ्यात आठवडाभर गेलात तर साधी, वादळाशिवायची हिरवी झालरही पुरेशी मिळते, फक्त ढगांनी साथ द्यायला हवी. हानलेला जायचं ते तिथल्या काळोखासाठी आणि ताऱ्यांसाठी.

राहिलं लेकीचं होकायंत्र. अलिबागला आडव्या घटकाचं माप ३८ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. वादळात त्यातले चारशे गेले तरी तो एक टक्का. त्यातही वादळ आपल्याकडे मुख्यतः क्षेत्राची ताकद कमी करतं, दिशा फार फिरवत नाही, आणि होकायंत्र दिशाच दाखवतं. म्हणजे खिशातल्या होकायंत्रात काही दिसणार नाही. मोबाइलमधल्या चुंबकमापकाचा खडखडाटच त्याहून मोठा असतो.

पण तिला हे करून बघू द्या. काचेची मोठी बरणी, झाकणातून रेशमाच्या बारीक धाग्याने आडवा टांगलेला छोटा पट्टीचुंबक, त्यावर चिकटवलेला नखाएवढा आरसा. आरशावर लेझरचा ठिपका पाडायचा आणि तो तीन मीटरवरच्या भिंतीवर कुठे पडतो ते कागदावर पेन्सिलीने टिपायचं, दर तासाला, वेळ लिहून. बरणी ओट्यावर किंवा जमिनीवर, लोखंडी कपाट, दुचाकी, गॅस सिलिंडर यांपासून लांब, आणि पंखा बंद. चुंबक स्थिर व्हायला एक दिवस द्या. साध्या दिवशीही ठिपका सकाळ-दुपार काही मिलिमीटर सरकेल, ते उन्हाने वाहणारे प्रवाह. वादळाच्या दिवशी तो सरकण्याची चाल मोडेल, धक्क्याच्या वेळी कदाचित उडी घेईल. वेळा लिहिलेल्या असतील तर तिचा कागद आणि अलिबागचा आलेख शेजारी ठेवून जुळवता येईल. ठिपक्याकडे बघायचं, लेझरकडे किंवा आरशाकडे बघायचं नाही, एवढं तिला आधी बजावून सांगा.